आकड्यांतली उत्तर गोव्याची तब्येत आणि आमची सत्तरी

वाळपईचा मास्तर

नमस्कार मंडळी. २०११ च्या जनगणनेत मी उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्रगणक होतो. शाळा सुटली की बगलेत फॉर्मांचा गठ्ठा घ्यायचा आणि वाडे पालथे घालायचे. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरलाय. म्हणजे मधे सोळा वर्षं गेली. या सोळा वर्षांत गोव्याची लोकसंख्या, आरोग्य, गरिबी यांवर जे जे छापून आलं ते वाचताना मला दर वेळी वाटतं, हे खोटं नाहीच, पण यात आमचा तालुका कुठे दिसत नाही.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्याचा अहवाल घ्या. पैशांऐवजी आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांतल्या उणिवा मोजणारा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात ३.७६ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ च्या पाहणीत ०.८४ टक्के. वाचायला किती छान. १४ लाख ५८ हजारांच्या गोव्याला हा आकडा लावला की साधारण बारा हजार माणसं निघतात. ही बारा हजार कुठे राहतात? म्हापशाच्या बाजारामागे, की आमच्या सत्तरीतल्या कोदाळच्या वाटेवर? अहवालात जिल्ह्याच्या खाली उतरायला शिडीच नाही.

आणि जिल्हा म्हणजे तरी काय? २०११ चा उत्तर गोवा ८,१८,००८ माणसांचा. बारदेश २,३७,४४०, तिसवाडी १,७७,२१९, फोंडा १,६५,८३०, डिचोली ९७,९५५, पेडणे ७५,७४७ आणि सगळ्यांत शेवटी आमची सत्तरी, ६३,८१७. क्षेत्रफळ बारदेशापेक्षा बरंच मोठं, माणसं त्याच्या पाव हिश्श्याहून जरा जास्त. सरासरी काढली की बारदेशातलं कळंगुट बोलतं आणि सत्तरी ऐकते.

तुमचे अनुभव सांगा. कुठल्या तालुक्याचे तेही लिहा.

म्हापशेकर

बारदेश. मास्तर, राग मानू नका, पण गोव्यात गरिबी शोधायला निघणं म्हणजे पावसात टँकर बोलावण्यासारखं आहे. गृहिणींना गृह आधारचे महिन्याला १५०० आहेत, दयानंद सामाजिक सुरक्षेचे २००० आहेत, मुलींना लाडली लक्ष्मीचे एक लाख आहेत. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेच्या कार्डावर तिघांच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार. ९९.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात. अजून काय पाहिजे? जी काही गरिबी दिसते ती बाहेरून आलेली आहे. बांधकामांवर, झोपडपट्ट्यांत जाऊन बघा. आकडे खाली ओढतात ते हे लोक.

सुईणीची नात

पेडणे. परिचारिका होते, आता निवृत्त.

म्हापशेकर, बाळंतपण दवाखान्यात होतं हे शंभर टक्के खरं. प्रश्न तिसऱ्या दिवशी सुरू होतो, ती घरी परतल्यावर. देशभर घरोघर जायला आशा कार्यकर्त्या आहेत. गोवा हे त्या योजनेबाहेर राहिलेलं राज्य. आपल्याकडे आरोग्य उपकेंद्रं जवळ, रस्ते बरे, त्यामुळे गरज नाही असा हिशेब असावा. त्यामुळे सगळा भार उपकेंद्रातल्या नर्सबाईवर आणि अंगणवाडीच्या सेविकेवर. मी एकटी पाच-सहा वाडे बघायचे. काटा आंब्याच्या फांदीला टांगायचा, मूल झोळीत घालायचं, ते रडायचं, काटा हलायचा, मी अंदाजाने आकडा लिहायचे. हो, अंदाजाने. सांगायला लाज वाटते, पण रडणाऱ्या मुलाचं वजन कसं घेतात ते ऑफिसातल्यांनी एकदा करून बघावं.

आणि "बाहेरून आलेले" म्हणता, तर माझ्या यादीतली सगळ्यात हडकुळी मुलं मूळ गोंयकारांचीच होती. आई सकाळी काजूच्या बागेत, मूल आजीपाशी, आजी पेज आणि वर चहा-बिस्किट देणार. नुस्तें, म्हणजे मासळी, परवडलं तर रविवारी. त्याच आजीला स्वतःला साखरेचा आजार. एकाच चुलीवर दोन्ही टोकं.

आकडेमोड

मूळचा डिचोलीचा, नोकरीसाठी पुण्यात. संख्याशास्त्रात पोट भरतो म्हणून थोडी कटकट करतो.

ताईंनी म्हटलंय ते त्या कुटुंब आरोग्य पाहणीतही दिसतं. २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या मधे गोव्यात पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेली, रक्तक्षय असलेली मुलं ४८.३ वरून ५३.२ वर. त्याच पाहणीत ३६ टक्के बायकांचं वजन जास्त. श्रीमंत राज्यात असं चित्र निघालं की वर्तमानपत्रांना मथळा मिळतो.

पण मास्तर, थांबा. या पाहणीत पूर्ण गोव्यात मिळून १,८५६ घरं आणि २,०३० बायका होत्या. त्यावर पूर्ण राज्याचा संसार चाललाय. त्या वेळी बराच गाजलेला आकडा आठवा: जन्मावेळचं लिंगगुणोत्तर, म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली, ९६६ वरून ८३८. सगळीकडे बोंब, गोव्यात मुली मारतात म्हणून. आता हिशेब करा. दर बाईमागे १.३ मुलं, म्हणजे पाच वर्षांत या बायकांना झालेली मुलं फार तर चारशे-साडेचारशे. समजा चारशे. ८३८ म्हणजे साधारण २१८ मुलगे, १८२ मुली. यातल्या फक्त दहा पाळण्यांत मुलग्याच्या जागी मुलगी असती तर आकडा ९२३ झाला असता. दहा पाळणे! जनगणनेनं सगळी मुलं मोजली तेव्हा सहा वर्षांखालचं गुणोत्तर ९४२ आलं होतं. तेही काही अभिमानाचं नाही, पण ८३८ पाहून छाती पिटण्याचं कारण नव्हतं.

तेव्हा खुरटेपणाच्या वाढीवर मी पैज लावणार नाही. मुलं लहान राहतायत हे नक्की. वाढ पाच टक्क्यांची की दोनची, ते एवढ्या लहान नमुन्यातून निघत नाही. आणि मास्तरांना हवा तसा तालुक्याचा आकडा तर त्यातून निघणारच नाही. सत्तरीच्या वाट्याला किती घरं आली असतील? लोकसंख्येच्या प्रमाणात धरली तर ऐंशीच्या आसपास.

वाळपईचा मास्तर

कबूल. मी स्वतः ८३८ च्या नावानं एका सभेत भाषण ठोकलं होतं. आता गप्प बसतो.

पण तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत ना? सत्तरीत ऐंशीएक घरं विचारली, त्यात धनगरवाडा आला नसेल तर धनगर या राज्यात नाहीतच. २००३ साली गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, धनगर-गवळी राहिले. म्हणजे जमातीच्या रकान्यातही ते नाहीत. मी मोजलेल्या एका वाड्यावर चार घरं होती. चारही घरांत जनावरं जास्त, माणसं कमी. नकाशावर तो वाडा नव्हताच. मी वर कळवलं, तर उत्तर आलं की शेजारच्या वाड्यात धरा. धरला. तेव्हापासून तो वाडा कागदावर दोन किलोमीटर खाली राहतो.

रात्रपाळी

डॉक्टर आहे, आरोग्य केंद्राचं नाव नको.

मधुमेहाचं कोणीतरी काढलंच आहे तर: आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात गोवा पहिला, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. लोकांना वाटतं हे पणजी-मडगावचं, हॉटेलात जेवणाऱ्यांचं दुखणं. माझ्याकडे रांगेत उभे असतात ते काजू वेचणारे, खाणीवरचे जुने ट्रक ड्रायव्हर, वीटभट्टीवाले. ड्रायव्हरची गोष्ट तर फारच सरळ आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर थोड्या चालल्या, मग सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. ट्रक दारात गंजला, हप्ते डोक्यावर, माणूस घरी बसून. गोळ्या फुकट मिळतात, तरी घ्यायला येत नाहीत. बस चुकली, पाहुणे आले, चतुर्थी होती. कारणं ऐकून माझे केस पांढरे झाले.

हृदयविकारासाठी आपल्याकडे चांगली सोय आहे, हेही सांगायला हवं. छोट्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधल्या तज्ज्ञाला मोबाइलवर जातो, त्यांनी होकार दिला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे. हे शहरातल्या आणि रानातल्या माणसाला सारखंच मिळतं. फरक पडतो तो आधी. वाळपईच्या बाजारात छातीत दुखलं तर माणूस पंधरा मिनिटांत टेबलावर. वरच्या वाड्यावर संध्याकाळी दुखायला लागलं तर "गॅस झाला असेल" म्हणून ओवा खातो, कारण शेवटची बस गेलेली असते. उजाडल्यावर येतो. तोवर त्या इंजेक्शनचा उपयोग संपलेला असतो. १०८ ला फोन करायला डोंगराच्या कुठल्या कुशीत रेंज येते हे सगळ्या वाड्याला पाठ असतं, आणि रात्री तिथवर जायचं म्हणजे गवा समोर येण्याची भीती.

माकडतापाचंही तेच. २०१५ पासून सत्तरीत तो येऊन बसलाय. गोचीड चावते ती काजूच्या बागेत, हंगाम जानेवारी ते मे. अंगाला लावायचं तेल आम्ही देतो. लोक म्हणतात, वास येतो, काजूच्या बोंडांना लागतो. बोंडांची दारू काढायची असते ना.

म्हापशेकर

डॉक्टर, मलेरियाचं बोला की. तो कोणी आणला?

रात्रपाळी

डासानं. गोव्यातला मुख्य वाहक डास बांधकामांवर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: स्लॅब पिकवायला भरलेलं पाणी, टाक्या, पिंपं. नव्वदच्या दशकात कांदोळी-कळंगुट पट्ट्यात इमारती उठल्या तसा मलेरिया उठला. इमारत कोणाची, पाणी कोणी साठवलं, आणि त्या स्लॅबखाली झोपतं कोण? मजुरांना आरोग्यकार्ड सक्तीचं केलं, दर वेळी रक्त तपासलं, त्यातूनच मलेरिया आटोक्यात आला. त्यांना मोजलं म्हणून. हाकललं असतं तर मोजता आलं नसतं.

म्हापशेकर

बरं. तशी एक इमारत आमच्याच शेजाऱ्याची होती, वाद घालत नाही.

दोडामार्गी

मी तुमच्या हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातला, पण तुमच्या आकड्यांत आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे माणूस जास्त आजारी पडला की एकच शब्द: "बांबोळी". ते इस्पितळ तिसवाडी तालुक्यात. माझा काका तिथेच वारला. आणि १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवायचा. म्हणजे काका जन्मभर दोडामार्गात राहिला आणि मेला तिसवाडीचा म्हणून. असे आमचे, सावंतवाडीचे, कारवारचे, सत्तरीचे, सगळे. तिसवाडीचा मृत्युदर बघून कोणी घाबरू नका, आणि सत्तरीचा बघून खूश होऊ नका.

जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे पैसे भरावे लागू लागले. त्याच वर्षी आमच्याकडे मोठं आंदोलन झालं. माका राग नाय, तुमच्या करातून चाललेलं इस्पितळ. पण हद्दीच्या अलीकडचा वाडा आणि पलीकडचा वाडा यांत एक ओहोळ आहे. दोन्हीकडे सारखीच काजू, सारखीच गोचीड.

आकडेमोड

दोडामार्गी, हे फार मोलाचं सांगितलंत. यात एक मजा अजून आहे. समजा एका आरोग्य केंद्राखाली वीस हजार माणसं. वर्षाला जन्म दोनशे-सव्वादोनशे. एक अर्भक दगावलं की बालमृत्युदर (हजार जन्मांमागे) पाच, दोन दगावली की दहा, एकही नाही तर शून्य. एका वर्षी तो अधिकारी सत्काराला, पुढच्या वर्षी खुलाशाला. काम तेच, नर्सबाई तीच.

सुईणीची नात

खुलासा मी लिहिलाय. दोन पानं.

शीतकढी

वाचतोय. लय भारी धागा.

वाळपईचा मास्तर

फोंड्याचं कोणी काढलं नाही, म्हणून मीच काढतो. २०११ ला फोंडा उत्तर गोव्यात होता. २०१५ पासून तो दक्षिणेत धरतात. फोंडा काढला की उत्तर उरतो ६,५२,१७८ आणि दक्षिण होते ८,०६,३६७. म्हणजे एका आदेशानं मोठा जिल्हा धाकटा झाला. २०१५ च्या आधीचे आणि नंतरचे जिल्ह्याचे आकडे शेजारी मांडून "उत्तर गोव्याची प्रगती" लिहिणारे मी पाहिलेत. प्रगती कसली, तालुकाच गेला!

दुसरं, शहरी-ग्रामीण. २००१ ला गोवा ४९.७६ टक्के शहरी होता, २०११ ला ६२.१७. दहा वर्षांत लोक पणजीला राहायला गेले का? गावं जागच्या जागी शहरं झाली. पाच हजारांवर वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसं, पुरुष कामकऱ्यांपैकी तीनचतुर्थांश शेतीबाहेर, असं बसलं की जनगणना त्याला नगर म्हणते. २०११ ला गोव्यात ७० नगरं होती, त्यातली ५६ या प्रकारची. नावाला नगर, कारभार पंचायतीचा. कचरा पंचायतीनं उचलायचा, मलनिस्सारण वाहिनी नाही, सेप्टिक टँक शेजाऱ्याच्या विहिरीला टेकलेला. बारदेशात हेच जास्त. म्हणजे म्हापशेकर, वंचितपणा तुमच्याकडेही आहे. फक्त त्याचं तोंड वेगळं.

म्हापशेकर

ते खरं. आमच्या वाड्यावर बंद घरं मोजली तर जवळपास तिसरा हिस्सा निघेल. एक मुलगा लंडनला, एक दुबईत, घरात ऐंशीची आई आणि कुत्रा. पोर्तुगीज पासपोर्टावर गेले ते परत फक्त फेस्ताला येतात. तिला कमी काय? पैसे येतात, टाइल्स आहेत, गॅस आहे. परवा न्हाणीघरात पडली, दुसऱ्या दिवशी पोदेर पाव द्यायला आला तेव्हा कळलं. दार आतून बंद होतं. मी आणि पोदेरानं मिळून फोडलं.

रात्रपाळी

साठीवरच्यांचं प्रमाण २०११ लाच ११.२ टक्के होतं, केरळनंतर आपणच. दर बाईमागे १.३ मुलं म्हणजे पुढे ते वाढतच जाणार. त्या म्हातारीचं हाड मोडलं होतं का?

म्हापशेकर

खुबा. आता अंथरुणाला आहे.

आकडेमोड

नीतीच्या निर्देशांकात बारा गोष्टी आहेत. पोषण, मुलांचे मृत्यू, गर्भवतीची काळजी, शाळेची वर्षं, हजेरी, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं. गुणांकन असं की एकूण उणीव एकतृतीयांश भरली तरच माणूस गरीब. त्या आजीला शून्य.

वाळपईचा मास्तर

सोनशीलाही जवळपास शून्यच पडणार. आमच्या तालुक्यातलं खाणींनी वेढलेलं गाव. पक्की घरं, वीज, खातं, सगळं. एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले. पंचेचाळीस जणांना अटक झाली, त्यात बायकाही. घरात पांढरं फडकं टाकलं तर संध्याकाळी तांबडं. धुळीचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये असतो? माझ्या तरी नव्हता.

पाण्याचंही सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्याला "हर घर जल" चं प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलं राज्य. ग्रामसभांनी ठराव दिले. नळ खरोखरच आलेत, मी पाहिलेत. नळातून पाणी किती दिवसांआड येतं, हे प्रमाणपत्राला विचारायची सोय नाही. मे महिन्यात वरच्या वाड्यांवर नळाला लोक गाय बांधतात.

आणि जमीन. सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर जमिनीचा उतारा नाही. मोकासे (जुन्या इनामी जमिनी), आल्वारा (पोर्तुगीज काळात दिलेल्या जमिनी), खटले, नाना भानगडी. जमीन नावावर नाही म्हणून कर्ज नाही, घरदुरुस्तीचा परवाना नाही, काजूच्या नुकसानीची भरपाई मागताना कागद नाही. बारा निर्देशकांत जमीन बसत नाही.

सुईणीची नात

मास्तर, नुसतं रडून काय होणार? आकडेमोडदादा, तुम्ही सांगा, आम्ही चार जणांनी तीन-चार वाडे नीट मोजले तर त्याला काही अर्थ आहे का, की तोही लहान नमुना?

आकडेमोड

ताई, वाड्यातलं प्रत्येक घर विचारलंत तर तो नमुनाच नाही, ती त्या वाड्याची गणना झाली. त्यावरून गोव्याबद्दल बोलू नका, त्या वाड्याबद्दल खुशाल बोला. अट एक: शेजारचा वाडा यात "धरायचा" नाही. आणि प्रश्न थोडे ठेवा. पन्नास प्रश्न विचारले की लोक विसाव्यानंतर हो ला हो लावतात.

सुईणीची नात

माझे प्रश्न लिहून घ्या. नळाला पाणी गेल्या सात दिवसांत किती दिवस आलं. रात्री कोणाला कधी दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा गाडी कोणाची आणि किती वेळात आली. दिवसा मूल कोणापाशी असतं. साखरेच्या गोळ्या कधी बंद झाल्या आणि का. घर कोणाच्या नावावर. वजन मी घेईन, या वेळी झोळी नाही, उभं राहायचा काटा आहे माझ्याकडे.

म्हापशेकर

"घरात एकटं कोण राहतं" हेही घाला. माझ्या वाड्याचं मी करतो. पोदेराला बरोबर घेतो, त्याला दारं उघडतात.

दोडामार्गी

ओहोळाच्या अलीकडचा वाडा माझा.

रात्रपाळी

रक्तातली साखर बघायचं यंत्र मी आणतो, पट्ट्या स्वखर्चानं. रविवारीच जमेल. केंद्राचं नाव कुठेही यायला नको, आधीच सांगतो.

वाळपईचा मास्तर

ठरलं तर. त्या चार घरांच्या वाड्यापासून सुरुवात करू. सध्या काजूचा हंगाम आहे, दिवसा वाड्यावर कोणी सापडायचं नाही. सकाळी सातच्या आत नाहीतर काळोख पडल्यावर. गाडी पुलापर्यंतच जाते, पुढे पाऊण तास चढ. टॉर्च आणा, आणि डॉक्टर, ते वासाचं तेल विसरू नका.